दगडी कोळशाची राख भाजीला घालावी का? (वालाची पानं करपताहेत)

प्राजक्ता_घुग्घुस

नमस्कार मंडळी. बागकामाचं इथलं सगळं वाचत असते पण लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही घुग्घुसला राहतो, चंद्रपूर जिल्हा. घरामागे साधारण १५ बाय २० ची जागा आहे, त्यात सासूबाई वांगी, मेथी, पालक, वाल, टमाटे असं सगळं लावतात, आम्ही भाजी विकत फार कमी आणतो. आमच्याकडे अंघोळीचं पाणी अजून सिगडीवरच तापतं, थंडीत तर ती दोन्ही वेळ पेटलेली असते आणि सिगडीत दगडी कोळसा, खाणीचं गाव आहे तर तोच मिळतो. रोज घमेलंभर राख निघते आणि ती गेली चार-पाच वर्षं मागच्या वाफ्यांतच जातेय. सासूबाई म्हणतात राखेसारखं खत नाही, किडेही लागत नाहीत.

यंदा मात्र वालाचं काहीतरी बिघडलंय. पानाची कड आधी पिवळी पडते मग तपकिरी होते, कागदाला कडेकडेने उदबत्ती टेकवली की जसं दिसतं तसं, आणि मधला भाग हिरवाच राहतो. मेथी बोटभर आली की पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी घातलं की वाफ्यावर पापुद्रा धरतो, वाळला की खापरीसारखा निघतो हातात.

हे राखेमुळे आहे का? आणि खरं सांगायचं तर मला पानांपेक्षा दुसरी काळजी आहे, माझी मुलगी चार वर्षांची आहे, रोज हीच भाजी खाते आणि दिवसभर त्याच मातीत खेळते.

आंबोळी

प्राजक्ता ताई राख उत्तमच. आमच्या रत्नागिरीकडे राखेशिवाय भाजीपाला होतच नाही म्हटलं तरी चालेल. चुलीतली राख आई चाळून डब्यात भरून ठेवते, चवळीवर मावा पडला की सकाळी दव असताना वरून भुरभुरवायची, पानाला चिकटून बसते आणि मावा जातो. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तेही त्यातलंच, पाला-गवत-शेण जाळून त्या राखेवर पेरायचं. पोटॅश भरपूर असतं. तुमच्या वालाला पाणी जास्त झालं असेल बघा.

वऱ्हाडी_गडी

आंबोळी ताई तुमचं बरोबर आहे पण तुम्ही म्हणता ते चुलीतली राख. आमच्याकडेही (यवतमाळ) आजी कांद्याच्या रोपावर राख टाके, बियाण्याच्या तुरीत-मुगात राख मिसळून मडक्यात भरून ठेवे, कीड लागत नसे. पण सिगडीची राखड वेगळी हो बाप्पा. चंद्रपूरला मामाकडं राहून राह्यलो होतो मी दोन वर्षं कॉलेजले तेव्हा, तिथं मामी ती राखड अंगणात खड्डे भराले टाके, भाजीत कधी नाही टाकली. का म्हणून ते मी विचारलं नाही कधी. भांडी घासाले पण ती घेत नसे, चरे पडतात म्हणे.

मास्तर

वऱ्हाडी_गडी यांच्या मामींनी भांड्यांवरून जे ओळखलं तेच या प्रश्नाचं उत्तर आहे, जरा सविस्तर लिहितो. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आता परसबाग हाच उद्योग आहे.

आपण दोन्हीला राख म्हणतो म्हणून घोटाळा होतो. झाड जमिनीतून कॅल्शियम, पोटॅश, थोडं स्फुरद घेतं, लाकूड जाळलं की तेवढंच मागे उरतं, म्हणून लाकडाची राख मऊ असते, पाण्यात कालवली की बुळबुळीत लागते आणि भांडी तिने स्वच्छ निघतात. नत्र तिच्यात नसतं, ते जळून जातं, त्यामुळे नुसत्या राखेवर पालेभाजी होत नाही हेही आंबोळी यांनी लक्षात घ्यावं. दगडी कोळसा हा मुळात कोट्यवधी वर्षं गाडलेला, मातीगाळ मिसळलेला. त्याच्या राखेत मुख्य असते सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ, मग ॲल्युमिना आणि लोहाचे ऑक्साइड. पोटॅश आहे पण बरंचसं काचेसारख्या कणांत अडकलेलं, झाडाला लगेच मिळत नाही. म्हणजे ज्यासाठी आपण राख घालतो ते तिच्यात फारसं नाहीच.

जे आहे ते नको असलेलं आहे. आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, सेलेनियम, बोरॉन, हे सगळं कोळशात थोडं थोडं असतं. कोळसा जळतो तेव्हा कार्बन निघून जातो, पारा बराचसा धुराबरोबर जातो, पण बाकीच्यातलं पुष्कळ राखेत साठतं. लाकूड चांगलं वाळलेलं असेल तर १० किलोची राख शंभर-दोनशे ग्रॅम उरते. आपल्या भारतातल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के, म्हणजे त्याच १० किलोची ३-४ किलो. प्राजक्ता ताई, तुमच्याकडे रोज घमेलं भरतं ते यामुळे. चुलीची राख आई डब्यात जपून ठेवते आणि सिगडीची टाकायला जागा शोधावी लागते, म्हणून ती वाफ्यात जाते आणि जाते तीही मुठीने नाही, घमेल्याने.

वालाच्या पानांचं वर्णन तुम्ही इतकं नेमकं केलंय की मला पहिला संशय बोरॉनचा येतो. झाडाला बोरॉन लागतं पण अगदी चिमूटभर, जास्त झालं की ते पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत, कडेपर्यंत जातं आणि तिथेच साठतं, म्हणून कड जळते आणि मधला भाग हिरवा राहतो. शेंगवर्गीय पिकं त्याला फार हळवी. क्षार वाढले तरी कड करपते म्हणून परीक्षण केल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. मेथीचं पिवळं पान आणि हिरव्या शिरा म्हणजे लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं पण सामू (पीएच, माती आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) वाढला की मुळांना घेता येत नाही. तुमच्याकडची माती काळी असणार, तिचा सामू आधीच साडेसात-आठ, त्यात वर्षानुवर्षं राख. कोकणातली जांभ्याची माती आंबट असते म्हणून तिथे चुलीची राख औषधासारखी लागू पडते, तीच राख विदर्भातल्या काळ्या मातीत ओंजळीने घातली तरी जास्त होते.

तेव्हा आजपासून सिगडीची राख वाफ्यात नको. अगदी बंद.

रानमाणूस

मास्तर आदर आहे तुमच्याबद्दल पण इतकं घाबरवायची गरज नाही असं मला वाटतं. औष्णिक केंद्राची राख शेतात घालण्याचे प्रयोग कित्येक वर्षं चाललेत आपल्या देशात, कृषी विद्यापीठांनी केलेत. माझ्या चुलतभावाच्या चोपण जमिनीत दोन ट्रॉल्या राख टाकली होती, जमीन भुसभुशीत झाली, पाण्याचा निचरा सुधारला, कापूस चांगला आला. राखेच्या वापराची जी सरकारी अधिसूचना आहे त्यात शेती हा वापर स्वतः सरकारने दिलाय. मग घरच्या वाफ्यातच काय एवढं?

मास्तर

रानमाणूस, तुमचा मुद्दा खोटा नाही, म्हणून नीट उत्तर देतो. ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना मी वाचली आहे, वीज केंद्रांनी सगळी राख वापरात आणावी यासाठी ती आहे. त्यात विटा, सिमेंट, रस्ते, भराव यांच्या यादीत शेतीही आहे, पण शब्द काय आहेत, माती परीक्षणाच्या आधारे, नियंत्रित पद्धतीने. हे दोन शब्द काढले की अर्थच बदलतो. प्रयोगात राख कुठली, तिच्यात काय किती, एकरी किती टन, एकदा की दरवर्षी हे ठरलेलं असतं. भारी जमिनीत राखेच्या बारीक कणांनी पोत सुधारतो हे खरंच आहे, तुमच्या भावाला तो अनुभव आलाच. पण त्यांनी कापूस घेतला. तीनशे चौरस फुटांत चार-पाच वर्षं रोज घमेलं आणि त्यातून पालक उपटून ताटात, हे गणित फार वेगळं आहे.

आणि वीज केंद्रातला कोळसा बारीक दळून एकसारखा जाळतात. सिगडीत काय काय जातं ते ज्याचं त्याला माहीत. प्राजक्ता ताई, पेटवताना काय वापरता?

प्राजक्ता_घुग्घुस

मास्तर तुम्ही विचारलंत म्हणून आज मुद्दाम बघितलं. गवरी आणि थोडं रॉकेल असतं, पण ओला कोळसा असला की सायकलच्या टायरचा तुकडा टाकतात, दुधाच्या पिशव्याही टाकतात. मला आजवर कधी त्यात काही वाटलंच नव्हतं. ते सगळं त्याच राखेत.

मास्तर

मग तर अजिबातच नको. टायर-प्लास्टिक जाळणं आधी थांबवा, राखेच्याही आधी तो धूर तुमच्या लेकीच्या नाकात जातोय. हाच नियम लाकडालाही लावा, रंगवलेली फळी, प्लायवूड, जुन्या खिडकीची चौकट जाळली असेल तर ती राखही भाजीला नाही.

लीड्सकर

मी गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये आहे, इथे नगरपालिकेकडून भाड्याने भाजीचे तुकडे मिळतात त्यातला एक आमच्याकडे आहे. तो घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी फावड्याने खणून दाखवलं होतं, वीतभर खाली करड्या-काळ्या खड्यांचा थर, जळून दगड झालेले, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं असलेले. या देशात पिढ्यान् पिढ्या घराघरात दगडी कोळशाची शेगडी होती आणि ती राख सगळी मागच्या बागेत. आजोबा म्हणाले आमचे वडील ती फक्त पायवाटेवर टाकायचे, चिखल होऊ नये म्हणून आणि गोगलगायी त्यावरून येत नाहीत म्हणून, पण सगळेच काही तेवढे शिस्तीचे नव्हते. त्यामुळे इथे जुन्या शहरी बागांच्या मातीत शिसं सापडणं ही रोजची गोष्ट आहे (रंग आणि पेट्रोलमुळेही). इथली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सरळ सांगते की कोळशाची राख खाण्याच्या पिकाला वापरू नका, लाकडाची चालेल. आम्ही त्या तुकड्यावर फळ्यांचे उंच वाफे केले आणि नवी माती-कंपोस्ट भरलं, दीड फूट उंच. पहिल्या वर्षी खर्च आला पण मनाची धाकधूक गेली. मेथी त्यातच लावतो, बी दर वर्षी भारतातून येतं.

शिल्पा_के

मध्येच विचारते, पुण्यात गच्चीवर कुंड्या आहेत माझ्या. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला राख देतो, तो लाकडी कोळसा वापरतो असं म्हणतो, ती चालेल का? आणि तंदूरची?

मास्तर

लाकडी कोळसा म्हणजे लाकूडच, त्याची राख चालेल. पण एकदा डोळ्यांनी बघा पोत्यात काय आहे ते, लाकडी कोळसा हलका असतो, त्यावर लाकडाच्या रेषा दिसतात, आपटला की खणखणतो. दगडी जड, चकचकीत पापुद्र्यांचा. तंदूरवाले दोन्ही मिसळतात म्हणून ती नको. कुंडीला महिन्याकाठी चिमूट-दोन चिमूट पुरे, आणि युरियाबरोबर कधीच नाही, अमोनिया होऊन नत्र हवेत जातं.

प्राजक्ता_घुग्घुस

काल एक करून बघितलं ते सांगते. माझा भाऊ शिक्षक आहे, फोनवर म्हणाला लिंबू पिळून बघ. माझ्या माहेरी चुलीची राख असते ती आईने एका पुडीत पाठवली होती भांड्यांसाठी, ती एका बशीत आणि सिगडीची दुसऱ्या बशीत, दोन्हीवर अर्धं अर्धं लिंबू. चुलीच्या राखेवर पिळल्याबरोबर फसफसून वर आली, सोडा टाकल्यासारखी, बशीच्या कडेपर्यंत फेस. सिगडीच्या राखेने नुसता रस शोषला, दोन-तीन बुडबुडे आले आणि ओल्या वाळूसारखी बसून राहिली. हातात घेऊन चोळली तर खरखरीत, रंगही बघा, चुलीची पांढरट आणि ही विटकरी झाक असलेली करडी.

सासूबाई बाजूला बसून बघत होत्या. मी काही बोलले नाही, त्याच बराच वेळ बशीकडे बघत राहिल्या.

मास्तर

तुमच्या भावाला माझा नमस्कार कळवा, अगदी योग्य प्रयोग. लाकडाच्या राखेतल्या कार्बोनेटमुळे फेस येतो, आपल्याकडच्या कोळशाच्या राखेत चुनाच कमी. फक्त एक लक्षात असू द्या, दोन्ही मिसळलेली असली तरी फेस येणार, त्यामुळे फेस आला म्हणजे राख शुद्ध असं नाही.

वऱ्हाडी_गडी

ताई आता पुढं काय करायचं ते पण विचारा मास्तरांना, जे वाफ्यात गेलं ते तं गेलं न. वांगे उपटाचे का ठेवाचे?

मास्तर

बरोबर, तेच महत्त्वाचं. मी जे करेन ते सांगतो.

राखेचा वरचा थर दिसतोय तोवर ओला करून खरवडून काढा, कोरडा उडवू नका, ती धूळ छातीत जाणं वाईट, नाका-तोंडाला फडकं बांधा. वांगी-टमाटे उपटायची घाई नको. जड धातू मुळांत आणि पानांत जास्त जातात, फळात तुलनेने कमी, तेव्हा वांगी, टमाटे, दोडका, भेंडी हे नीट धुऊन खाता येईल. मेथी, पालक, मुळा, गाजर, बीट मात्र त्या मातीत यापुढे लावू नका, निदान माती बदलेपर्यंत. शिसं पुष्कळदा भाजीच्या आत कमी आणि भाजीला चिकटलेल्या मातीत जास्त असतं, पालकाच्या जुडीत किती माती असते ते तुम्हाला माहीत आहे. दोन-तीन पाण्यातून धुवा.

पालेभाजीसाठी वेगळी जागा करा, लीड्सकर यांच्यासारखा उंच वाफा, किंवा जुन्या टाक्या, गोण्या, काहीही चालेल, त्यात बाहेरची माती आणि शेणखत. जुन्या वाफ्यातही शेणखत, गांडूळखत भरपूर घाला, सेंद्रिय पदार्थ बरेच धातू धरून ठेवतो. चुना मात्र घालू नका, कोणी सांगितलं तरी. त्याने शिसं बांधलं जातं पण सामू वाढला की आर्सेनिक उलट मोकळं होतं, आणि तुमची माती आधीच अल्कधर्मी आहे.

लेकीचं. मातीत खेळू द्या पण तिथे नको, भाजीच्या वाफ्यापासून दूर नदीच्या वाळूचा एक ढीग करून द्या तिला, आणि जेवणाआधी नखांसकट हात धुणं. लहान मुलांच्या पोटात शिसं जातं ते ताटापेक्षा बोटांवरून जास्त. मनात शंका राहत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, रक्तातलं शिसं तपासता येतं.

माती परीक्षण जरूर करा, पण मृद आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. आर्सेनिक-शिसं त्यात नसतं, त्यासाठी वेगळ्या प्रयोगशाळेत पैसे भरून द्यावं लागतं. पहिली बारा तरी बघा, वालाचं कोडं त्यात सुटेल.

आंबोळी

प्राजक्ता ताई मी पहिल्या दिवशी बिनधास्त राख उत्तम म्हणून मोकळी झाले, कसली राख ते विचारलंसुद्धा नाही. वाचून मलाच कसंतरी झालं, माझं ते मागे घेते. मास्तर, भाताच्या तुसाच्या राखेचं काय? आमच्याकडे चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेच्या वाफ्यात तुसाची काळी राख मिसळतात, रोपं कडक होतात, उपटायलाही सोपी जातात.

मास्तर

ती छानच. तिच्यातही सिलिका आहे पण भाताच्या झाडाने स्वतः घेतलेली, आणि भाताला सिलिका हवीच असते. काय जळलंय एवढंच बघायचं.

रानमाणूस

मास्तर पटलं. चुलतभावाला फोन केला काल, ती राख टाकताना माती तपासली होती का विचारलं, तर नाही म्हणाला, ट्रकवाला फुकट देत होता म्हणून घेतली. आता त्याच शेताच्या बांधाकडेला वहिनी घरापुरती भाजी करते. तपासून घ्यायला सांगितलंय.

२०२२ च्या जुलैमध्ये कोराडीजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून शेतांत, नाल्यांत राखेचं पाणी शिरलं तेव्हा बातम्या मी वाचल्या होत्या, तरी शेतात आपणहून टाकलेल्या राखेबद्दल असा विचार कधी मनात आला नव्हता.

प्राजक्ता_घुग्घुस

दीड महिन्यानं लिहितेय, माफ करा, उत्तरं देणाऱ्या सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं.

परीक्षणाचा कागद आला. सामू ८.४, क्षारता जास्त, लोह कमी आणि बोरॉनपुढे "जास्त" असं लिहिलंय. मास्तर तुमचं तंतोतंत बरोबर निघालं. वरचा चार बोटं थर काढला, ह्यांनी आणि मी दोन रविवार केलं ते, अकरा पोती निघाली. गावाबाहेरच्या वीटभट्टीवाल्याने ती नेली, तो राखड मातीत मिसळतोच आणि पुढचीही देत जा म्हणाला. घरामागे चार जुने ड्रम आडवे कापून त्यात नवी माती-शेणखत भरलंय, मेथी तीन पानांवर आहे आणि हिरवीगार आहे. मुलीला वाळूचा ढीग करून दिला, रक्ताची तपासणीही केली, डॉक्टर म्हणाले काळजीचं नाही.

सासूबाईंशी कसं बोलावं याचीच मला जास्त भीती होती. त्या लिंबाच्या दिवसानंतर आठवडाभर त्या त्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. मग एका सकाळी सिगडी पेटवता पेटवता आपणच म्हणाल्या, माह्या मायच्या चुलीत पऱ्हाट्या जळत, तुराट्या जळत, गवऱ्या जळत. ते राख माय वांग्याले टाके. मी लगन करून इथं आली अन् इथं कोळसा होता, मी राख तेवढी पाह्यली.

आता न्हाणीपाशी दोन डबे ठेवलेत त्यांनी. एक पत्र्याचा मोठा, सिगडीचा, भट्टीवर जायचा. दुसरा लहान डालड्याचा, माझ्या माहेरून येणाऱ्या चुलीच्या राखेचा, त्याला झाकण आहे आणि त्याला त्या दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. वालाचे वेल काढून टाकले, बी ठेवलंय. ड्रममध्ये वाल चढवायचा तर मांडव कसा करावा, कोणी केलाय का?

वऱ्हाडी_गडी

केलाय ताई. ड्रमच्या दोन्ही बाजूले बांबू पुरा जमिनीत, ड्रममधी नको, वेल जड झाला की ड्रम कलंडते. वरतून तार नाही, सुतळी बांधा, उन्हाळ्यात तार तापते अन् कोवळे शेंडे पोळतात. फोटो उद्या टाकतो.